गोचिडाचं औषध

आमच्या कुत्र्याला म्या माझ्या हातानं औषध लावलं आन् त्या औषधानंच ते मरायला टेकलं. हे आधीच सांगून टाकते. मागं एकदा सांगायची वेळ आली व्हती तवा माझं तोंड उघडलं न्हाई, त्याचंच हे सगळं हाय.

कुत्रं बारा वर्साचं. आमचं मालक जिते व्हते तवा राणीसावरगावहून येताना पिशवीत घालून त्यांनी आनलं. वर मेथीची जुडी आन् खाली हे. घरी येऊन पिशवी उलटी केली तर सगळी मेथी मुतानं भिजल्याली. मी म्हनलं, "कुत्रं टाका तिकडं, मेथी तेवढी ठेवा." मालक म्हनले, "मेथी टाक, कुत्रं राहू दे." मंग मेथी उकिरड्यावर गेली आन् कुत्रं राहिलं.

नाव कोनी ठेवलंच न्हाई. नुसतं "यू यू" केलं की यायचं. आता आता आमी त्याला म्हाताऱ्या म्हनतो. रंगानं मातकट, एक कान फाटल्याला. मालक गेले त्याला पाच वर्सं झाली. त्यांच्या मागं ते माझ्या बाजेखाली झोपायला लागलं. मी काई त्याला बोलवलं न्हाई. मला कुत्र्याचा लय लळा असा कदीच नव्हता. भाकर टाकायची, पानी ठेवायचं, एवढंच.

घरात आमी दोघंच, मी आन् माझा लेक. सून बाळंतपनाला माहेरी गेल्याली. भिंतीपलीकडं माझी धाकटी जाऊ. तीबी माझ्यासारखीच, कपाळ मोकळं. तिला एकच लेक, ती लांब दिल्याली. म्हनून माझा लेकच तिचं सगळं बघायचा. दळन आनून द्यायचा, फोनमधी पैसे टाकून द्यायचा, गुडघा लय दुखला की गाडीवर मागं बसवून गंगाखेडला दवाखान्यात न्यायचा. दोन आंगनांच्या मधी मातीची भिंत हाय, तिला एक भगदाड पडलंय. ते कोनी बुजवलं न्हाई. कोंबड्या, कुत्रं आन् भांडन, तिन्ही त्याच भगदाडातून इकडून तिकडं जायचे.

ती गोष्ट श्रावनातली. कापूस गुडघ्याच्या वर आला व्हता आन् घरोघर फवारे चालू व्हते. त्या साली पानी झिमझिम लागून राहिलं, ऊन न्हाई. कुत्र्याला गोचिड झाले. थोडे न्हाई, कानात, मानंला, पायाच्या बोटांमधी, नुसते घोसच्या घोस. रगत पिऊन तुरीच्या दान्याएवढे फुगायचे आन् टपाटपा खाली पडायचे. लेकाला मी दोनदा सांगितलं. त्यो म्हनला, "माय, ढोराच्या डॉक्टरकडून गोळी आनतो, जरा फवारनी उरकू दे." त्याचंबी खरं व्हतं. सकाळी पंप पाठीवर घ्यायचा त्यो सांजंलाच उतरवायचा.

एक दिवस सकाळी मी आंघूळ करून देवाला दिवा लावायलेय, तर देव्हाऱ्याच्या पाटावर गोचिड चालायलाय. अन्नपूर्नेच्या मागून निघाला आन् निवदाच्या वाटीकडं निघाला. माझ्या डोस्क्यात तिडीक गेली. तशीच उठले. आता कोनाला विचारायचं, कोनाची वाट बघायची? मालक असताना बैलांना गोचिड झाले की ते कापसाचंच औषध पान्यात टाकून फडक्यानं पुसून घ्यायचे. म्या ते डोळ्यानं बघितल्यालं. बैलाला काई झालं नव्हतं.

पन मालक बैलाच्या तोंडाला मुसकं बांधायचे. औषध टोपनाच्या बुडाशी घ्यायचे आन् पानी बादलीभर. हे मला ठावं व्हतं. ठावं नव्हतं असं मी म्हनू शकत न्हाई. म्या अर्धी बादली पानी घेतलं आन् औषध दोन टोपनं ओतलं. म्हनलं एकदाच काय ते मरून जाऊ देत. पिवळ्या लुगड्याचं जुनं फडकं घेतलं, हाताला पन्नीची पिशवी गुंडाळली. म्हंजे माझ्या हाताची फिकीर मला व्हती.

कुत्र्याला खुंट्याला बांधलं. ते बसलं गपचिप. म्या त्याला घासलं, खालून, वरून, कानातून, बोटांमधून. घासताना माझ्या हातात राग व्हता. देव्हाऱ्यावरचा गोचिड त्यानंच मुद्दाम धाडला असं मला वाटायलं व्हतं. एकदा त्यानं मान काढून घ्यायचं केलं, तर म्या त्याच्या नाकाडावर मारलं. मंग ते हाललं न्हाई. गोचिड पटापटा गळायले. मला लय बरं वाटलं. तसंच बांधून ठेवून मी भाकरी थापायला बसले.

कुत्र्याला अंग ओलं झालं की चाटायची सवय असती. बैल चाटतो म्हनून तर त्याला मुसकं. माझ्या डोस्क्यात ते आलंच न्हाई.

भाकरी झाल्या, मी बाहीर आले तर ते आडवं पडल्यालं. तोंडातून लाळ, दोरीसारखी लांब. डोळ्यातून पानी. अंगावरचं कातडं असं थरथर करायलं जनू कातड्याखाली मुंग्या चालायल्यात. पोट गेल्यालं. मी हाक मारली तर शेपूट हाललं. तेवढंच, एकदा.

तवा मी काय करायला पायजे व्हतं? वरडायला पायजे व्हतं. जाऊला हाक मारायची, लेकाला फोन लावायचा. म्या काय केलं ते आयका. म्या औषधाची बाटली कडब्याच्या गंजीत खुपसली. पिवळं फडकं उकिरड्यात दाबलं. बादली विसळून पालथी घातली. आन् मंग वरडले.

लेक शेतातून पळत आला. शेजारपाजारची मानसं आली. लाळ बघून एक जन म्हनला, "पिसाळलंय हे. लांब सरा." दुसरा काठी घेऊन आला. "घरात म्हातारं मानूस हाय, उद्या बाळ येनार हाय घरात, ठेवू नका असलं." माझा लेक काठीकडं बघायला आन् कुत्र्याकडं बघायला. त्याचे डोळे भरल्याले. मला ठावं व्हतं की ते पिसाळल्यालं न्हाई. त्या आंगनात तेवढं एकटीला मलाच ठावं व्हतं. मी वसरीच्या खांबाला धरून उभी.

तेवढ्यात भगदाडातून जाऊ वाकून आली. गुडघा धरत, शिव्या देत. "काय रे, जत्रा भरली काय हितं? पिसाळल्यालं कुत्रं असं पडून शेपूट हालवतंय व्हय? ठेव ती काठी खाली. आधी डॉक्टरला फोन लाव."

काठीवाला म्हनला, "काकू, तुमाला चावलं म्हंजे कळंल."

"मला चावून त्याला काय भेटायचंय? हाडंच हायत नुसती," असं म्हनून ती तिथं मातीतच बसली.

डॉक्टर आला तवा दिवस कलायला लागला व्हता. तरना मानूस, गाडीवरून आल्याला, चिखलानं भरल्याला. त्यानं कुत्र्याचे हिरडे बघितले, डोळ्यात बॅटरी मारली. मंग आमच्याकडं बघून विचारलं, "याच्या खाण्यात काही आलंय का? उंदराचं औषध, फवाऱ्याचं औषध? अंगाला काही लावलंय का?"

लेक म्हनला, "मी तर दिसभर रानात व्हतो. माय घरी व्हती."

"आजी, काही लावलंय का?"

"न्हाई बा," मी म्हनले.

असं सरळ म्हनले. माझा आवाजबी हालला न्हाई. डॉक्टरनं परत विचारलं, "नक्की? विषबाधा असली तर तिचं इंजेक्शन वेगळं असतं. अंगावर गोचिड चावल्याच्या खुणा खूप दिसतात, गोचिडाचा तापही असू शकतो. काही लावलं असेल तर सांगा."

"न्हाई म्हनले ना."

डॉक्टर बॅगेत हात घालून गोचिडतापाची बाटली शोधायला लागला. कुत्र्याचा श्वास घरघरायला लागला व्हता. जाऊ त्याच्या तोंडाची लाळ पदरानं पुसायली. पुसता पुसता ती थांबली. पदर नाकाला लावला. मंग कुत्र्याच्या मानंचा वास घेतला. आमी बायांनी जिंदगीभर कापसात खुरपन केलंय, त्या औषधाचा वास आमाला झोपंतबी कळतो. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. तिनं वाट बघितली. किती, ते मला सांगता येनार न्हाई, मला तर लय वेळ वाटला. मी काई बोलत न्हाई असं बघून ती म्हनली,

"डॉक्टर सायब, म्या लावलंय. कापसाचं औषध. गोचिड लय झाले व्हते म्हनून म्या पुसून काढलं सकाळी."

डॉक्टरनं हातातली बाटली खाली ठेवली आन् तिच्यावर वरडला. "मग इतका वेळ गप्प का बसलात? मुकं जनावर आहे ते! साबण आणा, पाणी आणा, आधी धुवा त्याला." माझा लेक तिच्याकडं बघतच राहिला. "काकू, तुमी?" एवढंच म्हनला. ती म्हनली, "व्हय रे. पानी आन."

आमी तिघांनी मिळून त्याला धुतलं. कपड्याचा साबन लावून चार चार बादल्या. म्याबी धुतलं, ज्या हातानं लावलं त्याच हातानं. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळानं परत दिलं, सलाईन लावली. मालकाच्या फोटूच्या खिळ्याला दोरी बांधून ती बाटली अडकवली. डॉक्टर जाताना म्हनला, "वय जास्त आहे. उद्याची सकाळ दिसली तर बघू."

सकाळ दिसली. डोळे उघडल्याले व्हते, पन मागचे दोन पाय गेल्याले. असून नसल्यासारखे.

तिथून पुढं वीस-बावीस दिवस म्या त्याचं केलं. गोनपाटाची झोळी करून पोटाखालून घालायची आन् त्याला उभं धरायचं. दुधात कुस्करल्याली भाकर बोटानं चारायची. दर दोन घंट्याला कूस बदलायची, न्हाईतर कातडं सोलायचं. हगलं मुतलं काढायचं. लोक म्हनायचे, म्हातारीनं कुत्र्याची काय सेवा केली! लेक म्हनायचा, "माय, तुझ्यामुळं वाचलं बघ ते." असं म्हनला की माझ्या हातातला घास तसाच राहायचा.

आन् कुत्रं? त्यानं हिंमत सोडलीच न्हाई. मी बघायचे ना. सकाळी दुधवाल्याची गाडी फाट्यावरून वाजली की ते पुढच्या दोन पायांवर उठायचं आन् मागचं धड वढत वढत उंबऱ्यापर्यंत जायचं. बारा वर्सं ते त्या गाडीवर भुकत आलं व्हतं, ते काम त्याला सोडायचं नव्हतं. आधी आवाज निघायचा न्हाई, नुसतं तोंड उघडायचं. आठ-दहा दिवसांनी आवाज निघाला, फाटल्याला. दुधवाला गाडी थांबवून म्हनला, "अरे म्हाताऱ्या, जिता हायस का?" मी ढसाढसा रडले. दुधवाल्याला वाटलं आनंदानं.

वढून वढून त्याच्या मांडीला जखम झाली. म्या हळद भरली. ते माझा हात चाटायचं. मी हात काढून घ्यायचे. मला सोसायचं न्हाई ते. गुरगुरलं असतं, चावलं असतं तर चाललं असतं. ते चाटायचं.

इकडं लेकानं काकूशी बोलनं टाकलं. दळन बंद. फोनचे पैसे बंद. दवाखान्याचा दिवस आला तवा ती भगदाडातून म्हनली, "येतोस का रे बाळा गाडी घेऊन?" त्यो म्हनला, "मला टाईम न्हाई." ती काठी टेकत फाट्यावर गेली, टमटमला लोंबकळत गंगाखेडला गेली आन् सांजंला परत आली. म्या ते वसरीत बसून बघितलं. मांडीवर कुत्र्याचं डोस्कं व्हतं.

लेक शेतात गेला की मी तिच्याकडं गेले. म्हनले, "धाकटे, तू कामून घेतलंस अंगावर?"

ती शेंगा फोडायली. वर बघितलं न्हाई. "तुजं तोंड उघडंना. डॉक्टर भलतीच सुई भरायला. कुत्र्याला तेवढा वेळ नव्हता, आक्का."

"आता सांग की मंग त्याला. खरं काय ते."

"मी सांगू? वा गं! लावायचं तू, झाकायचं तू, आन् सांगायचंबी म्याच? त्या दिवशीचं काम मी केलं. राहिल्यालं तुजं हाय."

"मला त्यो आता चांगलं म्हनायलाय," मी म्हनले. तिच्यापुढं खरं निघून गेलं तोंडातून.

"म्हनू दे की मंग. गोड लागतंय ना?" असं म्हनून तिनं मूठभर शेंगदाने माझ्या पदरात टाकले. "कुत्र्याला दे. ताकद येती."

मी दाने घेऊन आले. सांगितलं न्हाई. रोज ठरवायचे, आज जेवताना सांगू. जेवताना त्यो कुत्र्याला घास टाकायचा, "तुजी आजी हाय म्हनून तू हायस" म्हनायचा, आन् मी उठून पानी आनायला जायचे. सत्तरीच्या बाईला लेकाचं काय भ्यायचंय? मारनार नव्हता, हाकलनार नव्हता. पन मालक गेल्यावर त्यानं मला चांगलं म्हनल्यालं म्या पैल्यांदाच आयकत व्हते. ते जाईल म्हनून मी धाकटीचं जाऊ दिलं.

पोळा आला. बैल धुतले, शिंगं रंगवली, पुरन घातलं. तवापर्यंत कुत्र्याचा डावा पाय वळायला लागला व्हता. भिंतीला टेकून उभं राहायचं आन् झोकांडा जाऊन पडायचं. पडलं की इकडंतिकडं बघायचं, कोनी बघितलं का म्हनून, आन् परत उठायचं. मी रोज मोजायचे. दोन पावलं, तीन पावलं.

दर साली बैलांना ओवाळलं की लेक पैलं ताट काकूच्या घरी नेऊन द्यायचा. त्या साली ताटं भरली, समद्या घरी गेली, तिच्या घरी न्हाई. भगदाडातून तिचं आंगन दिसायलं. ती उंबऱ्यात बसल्याली, हातावर हात ठेवून. नवं लुगडं नेसून बसली व्हती.

तेवढ्यात कुत्रं उठलं. माझ्या बाजेखालून निघालं, भिंतीला अंग घासत घासत चाललं. पाच पावलं, सहा, सात. आमी दोघंबी बघतच राहिलो. भगदाडापाशी एकदा बसलं, धापा टाकल्या. परत उठलं, मागचा पाय वढून त्या भगदाडातून पलीकडं गेलं आन् धाकटीच्या पायापाशी जाऊन धपकन बसलं. तिनं त्याच्या डोस्क्यावर हात ठेवला.

लेकानं हाक मारली. "ए म्हाताऱ्या, इकडं ये." ते आलं न्हाई. परत मारली. मान वळवून बघितलं आन् तिथंच बसलं. लेकाला राग आला. जोरानं, तिला आयकू जाईल असं म्हनला, "बघ माय. जिनं मारायला घातलं तिच्याच दारात बसलंय. जनावराला काय कळतंय!"

धाकटीनं मान खाली घातली. एवढी तोंडाळ बाई, एक शब्द बोलली न्हाई.

"त्याला कळतंय," मी म्हनले. "तुला ठावं न्हाई. औषध म्या लावलं."

लेक हसला. त्याला वाटलं मी काकूला वाचवायलेय. मंग मी कडब्याच्या गंजीकडं गेले, हात घालून बाटली काढली आन् त्याच्या पुढं ठेवली. "दोन टोपनं, अर्ध्या बादलीत. डॉक्टरनं विचारलं तवा न्हाई म्हनले. काकूनं वास वळखला म्हनून तिनं अंगावर घेतलं. कुत्रं तिनं वाचवलं. म्या न्हाई."

त्यो बाटलीकडं बघत राहिला. त्याला बाटली वळखू आली, कारन त्यानं ती आठ दिस हुडकली व्हती आन् दुकानदारानं कमी दिली म्हनून भांडून आला व्हता. मंग स्वयंपाकघरात गेला, स्वतः ताट वाढून घेतलं, पुरनपोळीवर तूप घातलं आन् त्या भगदाडातून वाकून गेला. मला पलीकडचं आयकू आलं.

"काकू, जेव."

"गार करून आनलीस व्हय रे पोळी?" धाकटी म्हनली. तिचा आवाज फाटल्याला. "तूप तरी कंजूषपना न करता घालायचं."

मला लेक तवा काई बोलला न्हाई आन् आजवर बोलला न्हाई. जेवायला वाढलं की जेवतो, दवाखान्यात नेतो, पन "माय, तुझ्यामुळं" हे परत म्हनला न्हाई. बरोबरच हाय ते.

कुत्रं अजून हाय. उजवा पाय जरा वढतं, पन दुधवाल्यावर भुकायला चुकत न्हाई. नातू रांगत त्याच्या अंगावर जातो, शेपूट धरतो, ते सोसतं. गोचिड दर पावसाळ्यात होतेतच. डॉक्टरची गोळी देतो, आन् जे राहतेत ते मी बोटानं एक एक काढते, वाटीत रॉकेल घेऊन त्यात टाकते. डोळ्यानं कमी दिसतं, म्हनून बोटानंच चाचपते. तास जातो, दोन तास जातेत. ते माझ्या मांडीवर डोस्कं ठेवून झोपतं. मला भीत न्हाई. कापडाला मातर भितं. पिवळंच न्हाई, कंचंबी ओलं फडकं हातात दिसलं की थरथर सुटती त्याला.

आन् फवाऱ्याच्या दिवशी लेक पंपात औषध ओतायला लागला, वास सुटला की ते बाजेखालून उठतं, भगदाडातून पलीकडं जातं आन् सांजंपर्यंत धाकटीच्या दारात बसून राहतं. मी त्याला हाक मारत न्हाई.